अमोनिया कॉम्प्रेसरला व्हीएफडी: कळमन्याच्या शीतगृहातील प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२३

नागपूरच्या कळमना बाजाराजवळच्या या शीतगृहात आज पहिला पूर्ण दिवस घालवला. चार चेंबर आहेत. त्यांपैकी दोन आंबिया बहाराच्या संत्र्याने भरत आहेत, एकात सुकी मिरची आहे आणि एक रिकामे आहे. यंत्रणा अमोनियाची असून सहा सिलिंडरचे दोन सारखे रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर आहेत. प्रत्येकाला व्ही-बेल्टवर चालवणारी ७५ किलोवॉटची मोटर आहे आणि ५० हर्ट्झवर कॉम्प्रेसरचे मिनिटाला ९०० फेरे होतात. या नोंदींत त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणेन.

दुपारी दोन तास ‘अ’समोर स्टूल टाकून केवळ सक्शनच्या, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या वायूच्या दाबाच्या, गेजकडे पाहत बसलो. काटा (दर चौरस सेंटीमीटरला) २.२ किलोपासून ३.२ किलोपर्यंत चढायचा, मग अनलोडरचा, म्हणजे सिलिंडर कामाला लावणाऱ्या किंवा कामातून काढणाऱ्या यंत्रणेचा, खटका ऐकू यायचा, सिलिंडरची एक जोडी कामाला लागायची आणि काटा पुन्हा खाली घसरायचा. ही फेरी साधारण नऊ ते दहा मिनिटांची होती. अमोनियाच्या तक्त्यात २.२ किलो म्हणजे उणे ८ अंश आणि ३.२ किलो म्हणजे उणे १ अंश. म्हणजेच ६ अंशांच्या चेंबरमधील कूलरची कॉइल दर दहा मिनिटांनी सात अंशांचा हेलकावा खात होती. चेंबरचे तापमान मात्र रजिस्टरमध्ये दिवसभर ६ आणि ६.५ असेच लिहिलेले आहे आणि ते खोटेही नाही, कारण हजारो क्रेटमधल्या फळाचा थंडावा एवढ्या लवकर हलत नाही.

मालकांनी मला बोलावले ते विजेच्या बिलासाठी. कॉम्प्रेसरला व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवून ते उतरवायचे आहे. मला मात्र आज त्या काट्याची काळजी अधिक वाटली. कॉइल जितकी जास्त थंड, तितके हवेतले पाणी तिच्यावर अधिक गोठते, आणि हवा ते पाणी पुन्हा संत्र्याच्या सालीतूनच काढून घेते.

९ नोव्हेंबर २०२३

दहा क्रेट निवडले, प्रत्येकावर रंगाने खूण केली आणि प्रत्येकी २० किलो फळ भरून दोन्ही चेंबरमध्ये पाच-पाच ठेवले. महिन्याने पुन्हा वजन करायचे आहे. ड्राइव्ह बसण्याआधीचे वजन हाती असले पाहिजे, नाहीतर नंतर केलेल्या कोणत्याही दाव्याला आधार राहणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२३

मालकांकडे आलेल्या एका दरपत्रकात असे लिहिले आहे की वेग निम्मा केल्यास वीज आठव्या हिश्शावर येते. हे विधान पंख्याच्या आणि सेंट्रिफ्युगल पंपाच्या बाबतीत खरे आहे. तिथे लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते आणि ८० टक्के वेगावर पंखा जवळजवळ निम्म्या विजेत चालतो. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरला हा नियम लागू होत नाही. पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात तेवढाच वायू तेवढ्याच दाबाविरुद्ध ढकलायचा असतो, त्यामुळे टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) जवळपास कायम राहतो आणि वीज वेगाच्या सम प्रमाणात उतरते: निम्मा वेग, निम्मे शीतकरण, निम्म्याच्या आसपास वीज.

मग फायदा कुठे आहे, हे मालकांना कागदावर आकृती काढून समजावले. आज क्षमता कमी करण्यासाठी अनलोडर सक्शन व्हॉल्व्हची पट्टी उघडी धरून ठेवतो. त्या सिलिंडरमधला पिस्टन वर-खाली होतच राहतो, वायू आत घेतो आणि न दाबता त्याच वाटेने परत सोडतो. काम होत नाही, पण घर्षण आणि वायूची ये-जा यांसाठी वीज जातेच. म्हणून एक तृतीयांश क्षमतेवर यंत्र एक तृतीयांशापेक्षा बरीच जास्त वीज घेते. वेग कमी केला तर हे घर्षणही कमी होते. शिवाय क्षमता ३३, ६७ आणि १०० अशा पायऱ्यांनी न बदलता सलग बदलते. मालकांनी विचारले, “म्हणजे भर उन्हाळ्यात काही उपयोग नाही?” मी म्हटले की ज्या तासांत यंत्र पूर्ण क्षमतेने चालावेच लागते, त्या तासांत ड्राइव्ह स्वतःच दोन-तीन टक्के वीज खातो, म्हणून तिथे तोटाच आहे. हे आधी सांगितलेले बरे.

११ डिसेंबर २०२३

खुणेच्या दहा क्रेटचे वजन केले. ३२ दिवसांत सरासरी वजन २० किलोवरून १९.१ किलोवर आले. फळ दिसायला चांगले आहे, मात्र देठाकडची साल किंचित मऊ पडली आहे.

१९ डिसेंबर २०२३

खरेदीचे निर्णय आज पक्के केले. ड्राइव्ह मोटरपेक्षा एक माप मोठा, ९० किलोवॉटचा घेत आहोत. बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमता देतात आणि त्यावर प्रत्येक अंशाला त्यांची क्षमता घटते. नागपूरच्या मे महिन्यात सावलीतसुद्धा पारा ४५ च्या वर जातो, हे ध्यानात न घेता बसवलेला ड्राइव्ह नेमका गरजेच्या दुपारी ट्रिप होईल. पॅनेल मशीन रूममध्ये ठेवणार नाही. अमोनियाची थोडी गळती कुठे ना कुठे असतेच आणि ओलाव्याबरोबर अमोनिया तांबे खातो. ड्राइव्हच्या कार्डावरच्या नाजूक तांब्याच्या रेषांना त्या हवेत फार आयुष्य नाही. भिंतीपलीकडच्या जुन्या स्टोअरची खोली मोकळी करून तिथे बाहेरची गाळलेली हवा आत ढकलणारा पंखा आणि एक एअर कंडिशनर लावायचा आहे.

‘अ’ची सध्याची मोटर एकदा रिवाइंड झालेली आहे. ड्राइव्हचा व्होल्टेज सरळ लहरीचा नसून तीव्र चढाच्या ठोक्यांचा असतो आणि जुन्या वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांना तो सोसत नाही, म्हणून ती ‘ब’साठी राखीव ठेवून ‘अ’ला ड्राइव्हसाठी बनवलेली नवी मोटर घेत आहोत. तिच्या मागच्या बाजूला स्वतंत्र वीजजोडणीचा ब्लोअर असेल. मोटरच्या शाफ्टवरचा पंखा वेगाबरोबर मंदावतो, टॉर्क मात्र तेवढाच असतो. म्हणजे उष्णता तेवढीच आणि वारा कमी. वाइंडिंगमध्ये तापमान ओळखणारे थर्मिस्टर आणि मागच्या टोकाला, बेअरिंगमधून वीज वाहू नये म्हणून, इन्सुलेटेड बेअरिंग मागितले आहे.

जुना स्टार-डेल्टा स्टार्टर काढायचा नाही. ड्राइव्हविना मोटर थेट पूर्ण वेगाने चालवायची झाल्यास तो बायपास म्हणून राहील.

१८ जानेवारी २०२४

ड्राइव्ह सुरू झाला. व्ही/एफ (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचे) गुणोत्तर ४१५ व्होल्टला ५० हर्ट्झ, म्हणजे ८.३, ३० हर्ट्झवर मोटरला २४९ व्होल्ट मिळतात. कमाल ५० हर्ट्झच ठेवली आहे, कारण त्यापुढे व्होल्टेज वाढू शकत नाही आणि टॉर्क घटत जातो. किमान २८ हर्ट्झ ठेवली आहे. कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेत किमान ५०० फेरे दिले आहेत आणि २८ हर्ट्झला ५०४ होतात.

सुरुवातीचा क्षण मनात राहील. एरवी स्टार्टर पडला की पट्टे किंचाळायचे आणि ऑफिसमधले दिवे क्षणभर मंद व्हायचे. आज कॉम्प्रेसर अनलोड स्थितीत, एखादी जड गाडी हलक्या हाताने ढकलावी तसा वेग घेत गेला आणि दिव्यांना काही कळलेही नाही. डिझेल जनरेटरवरही हाच फायदा मिळणार आहे.

२० जानेवारी २०२४

पहाटे पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलमधले तीन फ्यूज उडाले आणि एक कपॅसिटर फुगलेला सापडला. ड्राइव्ह आल्यावर दोनच दिवसांत हे झाले, तेव्हा दोष योगायोगाचा नव्हे. दुपारी ट्रान्सफॉर्मरची प्लेट पाहून हिशेब मांडला: ३१५ केव्हीए, इम्पीडन्स ५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता ६३०० केव्हीए. पहाटे पॅनेलमध्ये १२५ केव्हीएआर कपॅसिटर जोडलेले होते. ६३०० भागिले १२५, त्याचे वर्गमूळ ७.१. सहा डायोडच्या ड्राइव्हमधून पाचवी, सातवी, अकरावी आणि तेरावी हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या तेवढ्या पटीची लहर, निघते. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून ज्या सुराला झंकारतात, नेमका तोच सातवा सूर आमचा ड्राइव्ह लावत होता. ही चूक माझी आहे. ड्राइव्ह मागवण्याआधी हा एका ओळीचा हिशेब करायला हवा होता आणि तो मी केला नाही.

वीजबिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की वाढणाऱ्या मोजमापावर, असल्याने कपॅसिटर पूर्ण बंद ठेवून चालणार नाही. तूर्त दोनच टप्पे चालू ठेवले आहेत.

३ फेब्रुवारी २०२४

कपॅसिटरच्या प्रत्येक टप्प्याला ७ टक्क्यांचे डीट्यून्ड रिअॅक्टर, म्हणजे झंकारण्याचा सूर खाली नेणारी तारेची वेटोळी, बसले. आता तो संच १८९ हर्ट्झला जुळलेला आहे, जो पाचव्या हार्मोनिकच्या २५० हर्ट्झपेक्षा पुरेसा खाली येतो. रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवर व्होल्टेज वाढतो, म्हणून कपॅसिटरही जास्त व्होल्टेजचे घेतले. ड्राइव्हच्या आधी हार्मोनिक कमी करणारा लाइन चोक टाकला. पॅनेलची गुणगुण थांबली आहे.

६ फेब्रुवारी २०२४

वेग हळूहळू चढवत डिस्चार्ज पाइपला हात लावून पाहिला. ४१ ते ४३ हर्ट्झच्या दरम्यान तेलाच्या सेपरेटरकडे जाणारा पाइप थरथरतो. ठरावीक वेगाच्या यंत्राला हा पट्टा कधी भेटलाच नव्हता. ड्राइव्हमध्ये तेवढी फ्रिक्वेन्सी वगळता येते, परंतु मला आधी पाइपला आधार द्यायचा होता. वेल्डरकडून दोन ब्रॅकेट बसवून घेतल्यावर थरथर ४२ च्या आसपास एका हर्ट्झपुरती उरली आणि तेवढाच भाग वगळला.

१४ फेब्रुवारी २०२४

रात्री अकराला रात्रपाळीच्या ऑपरेटर काकांचा फोन आला. “साहेब, मशीन घडीभर पळून राहिली, घडीभर दबून राहिली. येऊन पाहा.” गेलो तेव्हा खरोखर तसेच चालू होते. आंबियाचा माल बहुतेक निघून गेला आहे आणि रात्री बाहेर गारवा आहे, त्यामुळे भार फार थोडा होता आणि ड्राइव्ह २८ हर्ट्झवर येऊन टेकला होता. तिथे मिनिटभर शांतता असायची. मग एक बारीक खटका व्हायचा, सक्शन चढायचा, ड्राइव्ह ३८ पर्यंत पळायचा, पुन्हा खटका व्हायचा, सक्शन झपकन उतरायचा आणि ड्राइव्ह परत २८ वर यायचा.

प्रथम मला पीआयडीच्या, म्हणजे सक्शनचा दाब पाहून वेग ठरवणाऱ्या नियंत्रकाच्या, आकड्यांचा संशय आला आणि अर्धा तास मी इंटिग्रल वेळ वाढवण्यात घालवला. काहीही फरक पडला नाही. काका टॉर्च धरून शेजारी उभे होते; त्यांनी तो प्रकाश तेलाच्या गेजवर टाकला आणि म्हणाले, “खटका होते तवा हा काटा पडते.” त्यांचे म्हणणे अचूक होते. या कॉम्प्रेसरमध्ये सिलिंडर लोड करण्याचे काम तेलाचा दाब करतो. दाब नसला की स्प्रिंग सक्शन व्हॉल्व्ह उघडी धरते आणि सिलिंडर आपोआप अनलोड होतात, म्हणूनच तर यंत्र हलके सुरू होते. तेलाचा पंप क्रँकशाफ्टवर आहे, त्यामुळे वेग उतरला की तेलही कमी येते. सक्शनपेक्षा २ किलो जास्त असणारा दाब २८ हर्ट्झवर १.१ पर्यंत पडत होता, एक जोडी सुटत होती, सक्शन वाढत होता, ड्राइव्ह वेग वाढवत होता, दाब परत येत होता आणि तीच जोडी पुन्हा लोड होत होती. पीआयडी बिचारा बरोबरच होता.

रात्रीपुरता किमान वेग ३५ हर्ट्झ केला. हेलकावा थांबला.

१६ फेब्रुवारी २०२४

तेलाचा फिल्टर उघडला. अर्ध्याहून अधिक काळा गाळ होता. स्वच्छ केल्यावर २८ हर्ट्झवर दाब १.४ झाला, ३२ हर्ट्झवर १.७. पुस्तिकेतली किमान ५०० फेऱ्यांची मर्यादा नव्या यंत्राची आणि स्वच्छ तेलाची आहे. बारा वर्षे चाललेल्या बेअरिंगमधून तेल अधिक निसटते आणि उन्हाळ्यात ते पातळही होईल. २८ वर जाण्याचा हट्ट मी सोडला.

मग किमान किती ठेवावी? वरच्या बाजूनेही एक मर्यादा आहे, ती ‘ब’मुळे येते. भार वाढला की ‘ब’ त्याच्या एक तृतीयांश पायरीवर सुरू होतो आणि त्याच क्षणी ‘अ’ने तेवढीच क्षमता कमी केली पाहिजे. ‘अ’ला १०० वरून ६६.७ टक्क्यांपर्यंत उतरता आले नाही, तर मधल्या भारासाठी कोणतीच जोडी बसत नाही आणि ‘ब’ रात्रभर चालू-बंद होत राहील. ५० चे ६६.७ टक्के म्हणजे ३३.३ हर्ट्झ. किमान वेग याच्या वर नेता येणार नाही आणि तेलाचा दाब त्याला फार खाली येऊ देत नाही. या दोन मर्यादांच्या मधला आकडा म्हणून ३२ हर्ट्झ, म्हणजे ६४ टक्के, कायम केला. ‘अ’ एकटा ६४ ते १००, ‘ब’च्या एका पायरीसह ९७ ते १३३, दोन पायऱ्यांसह १३१ ते १६७, तिन्ही पायऱ्यांसह १६४ ते २००. प्रत्येक सांध्यावर दोन-तीन टक्के एकमेकांवर चढतात. फार नाही, पण पुरते. ६४ टक्क्यांच्या खाली ‘अ’ने ३२ हर्ट्झवर राहून स्वतःची एक जोडी अनलोड करायची आहे. हा निर्णय आता दाबाच्या अपघातावर अवलंबून राहणार नाही, सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) त्याला वेळेवर आदेश देईल.

२६ मार्च २०२४

मृग बहाराचा माल चेंबरमध्ये आहे. गेल्या तीन आठवड्यांत मुद्दाम तुलना केली, चेंबर आणि माल जवळपास तेवढाच ठेवून. पहिला आठवडा बायपासवर, म्हणजे पूर्ण वेग आणि अनलोडर: ‘अ’च्या मीटरवर ६,०२० युनिट. दुसरा आठवडा ड्राइव्हवर, सक्शन २.७ किलोला स्थिर: ५,१९० युनिट. तिसऱ्या आठवड्यात सक्शनचे लक्ष्य ३.० किलो केले, म्हणजे कॉइल उणे ४ ऐवजी उणे २ वर: ४,८७० युनिट. तिसऱ्या आठवड्यात बाहेर ऊन वाढलेले असूनही हा आकडा आला.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा तिसरा आठवडा. सक्शन एक अंशाने वर ठेवला की कॉम्प्रेसरची वीज साधारण तीन टक्क्यांनी कमी होते, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही अनलोडरवर कोणी तो वर ठेवू शकत नाही, कारण हेलकाव्याचे वरचे टोक मग चेंबरला झेपत नाही. काटा एका जागी उभा राहिला म्हणूनच ती जागा वर सरकवता आली. मालकांनी १४ टक्क्यांचा पहिला आकडा गोल करून ठेवला. मी त्यांना वहीत दुसरा आकडा वेगळा लिहायला लावला, कारण तो ड्राइव्हने आपोआप दिलेला नाही, लक्ष्य बदलल्यावर मिळाला आहे, आणि उद्या कोणी लक्ष्य परत खाली ओढले तर तो जाईल.

२ एप्रिल २०२४

१ मार्चला मांडलेल्या खुणेच्या दहा क्रेटचे वजन, ३२ दिवसांनी: २० वरून १९.४ किलो. डिसेंबरमध्ये ते १९.१ होते. मृग आणि आंबियाच्या सालीत फरक असतो, म्हणून हा सगळा श्रेय-हिशेब ड्राइव्हच्या खात्यावर टाकणार नाही. साल मात्र आज देठाकडेही घट्ट होती.

२९ मे २०२४

नवतपा चालू आहे. पॅनेलच्या खोलीबाहेर सावलीत टांगलेल्या तापमापीवर दुपारी तीनला ४५ दिसत होते, आत ३१. कंडेन्सरचा दाब चढलेला, ‘अ’ ५० वर आणि ‘ब’ तीन पायऱ्यांवर. दुपारी बारापासून पाचपर्यंत ड्राइव्ह जवळपास हललाच नाही. अपेक्षेप्रमाणेच आहे. रात्री दहानंतर वेग ४० च्या खाली येऊ लागला.

तेलाचे तापमान वाढल्याने ३२ हर्ट्झवरचा दाब १.७ वरून १.३ वर आला आहे. एवढ्या दाबावर जोडी सुटत नाही, पण हातात फार काही उरलेही नाही. किमान वेग ३३ वर नेता येईल. त्यापुढे ‘ब’चा सांधा निखळतो. म्हणून उपाय तेलाकडेच शोधायचा.

५ जून २०२४

ऑइल कूलरची पाण्याची नळी क्षारांनी अर्धी बुजलेली होती. ती स्वच्छ केली, तेल बदलले. ३२ हर्ट्झवर दाब १.६. किमान वेग ३२ च राहील.

पॅनेलच्या दाराला आतून एक कागद लावला आहे. त्यावर किमान ३२, कमाल ५०, सक्शनचे लक्ष्य ३.० आणि तेलाचा दाब १.३ च्या खाली गेल्यास किमान वेगाला हात न लावता आधी फिल्टर व कूलर पाहावा, असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. काकांनी रजिस्टरमध्ये तेलाच्या दाबाचा रकाना होता त्याच्या शेजारी पट्टीने रेघ मारून ‘हर्ट्झ’ असा नवा रकाना स्वतःच आखला. आज पहाटे दोन ते पाच त्यांनी दर तासाला लिहिलेले आकडे असे आहेत: ३७, ३६, ३६, ३५. सक्शन चारही वेळा ३.०.